‘रामबाण’ इंजेक्शन न्यूमोनियात का चालत नाही

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर आलेला लेख वाचला. भाषा सोपी आहे, आणि दुकानातून परस्पर प्रतिजैविकं आणून खाऊ नका हे त्यात खडसावून सांगितलंय, ते बरं केलंत. पण एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, या जंतूविषयी लिहिताना लेखकाने डॅप्टोमायसिन हे इंजेक्शन त्याच्या कोणत्याही संसर्गावर रामबाण असल्याचं ठोकून दिलंय. ते खरं नाही. रक्तातल्या किंवा कातडीतल्या संसर्गावर ते उत्तम औषध आहे. न्यूमोनियावर ते चालत नाही. न्यूमोनियासाठी हे औषध नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं.

एरवी एका वाक्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. पण लेख आला त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा त्याचं कात्रण घेऊन माझ्याकडे आला. त्याचे काका न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात, नळीतून काढलेल्या स्रावात एमआरएसए सापडलेला. “काकू, एवढं चांगलं औषध निघालंय आणि डॉक्टर अजून ते जुनं व्हँकोमायसिनच लावून बसलेत. पैशाचं आम्ही बघतो म्हटलं तरी ऐकत नाहीत.” घरात दोन तट पडले होते आणि पेशंटला दुसरीकडे हलवायची भाषा सुरू झाली होती. डॉक्टरांचं बरोबर होतं, पण राउंडच्या गडबडीत त्यांनी “त्यात ते चालत नाही” एवढंच सांगितलेलं. का चालत नाही ते मी त्या मुलाला कात्रणाच्या मागच्या कोऱ्या जागेत चित्र काढून समजावलं. तेच इथे लिहिते.

मी डॉक्टर नाही. मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरचे तसे पलीकडे अथणी-चिकोडीकडचेही पेशंट येत, त्यामुळे पू, रक्त, थुंकी यांच्या नमुन्यांना कधी तोटा नव्हता. कुणाला कुठलं औषध द्यायचं हे सांगायचा मला अधिकार नाही. जंतू औषधाला दाद देतो की नाही हे प्रयोगशाळेच्या थाळीत बघणं मात्र माझं रोजचं काम होतं.

लेखासोबतच्या चित्रापासून सुरुवात करते, कारण घोळ तिथूनच झालाय. चित्रात ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूला जाडजूड भिंत दाखवलीय आणि तिच्या आत थेट पेशीतला ऐवज. भिंत खरीच जाड असते. हान्स क्रिस्तियान ग्रॅम यांनी 1884 मध्ये बर्लिनमध्ये असताना जी रंगवायची रीत काढली, ती आजही आम्ही जवळजवळ तशीच करतो: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, मग अल्कोहोल. अल्कोहोलने धुतल्यावरही जो जांभळा राहतो तो ग्रॅम पॉझिटिव्ह, आणि जांभळा राहतो तो त्या जाड भिंतीमुळे. (अल्कोहोल दोन-चार सेकंद जास्त झालं तर भले भले पॉझिटिव्ह लाल दिसायला लागतात. नव्या मुलींचे कान मी यावरूनच सगळ्यात जास्त पिळले.) त्यामुळे पाठ्यपुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांच्या लक्षात भिंत तेवढी राहते. भिंतीच्या आत पेशीचं पटल असतं, मेदाचा दुहेरी पदर. जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन लाखाव्या भागाएवढी. जंतू जिवंत राहतो तो या पटलामुळे. पोटॅशियम आत राखणं, ऊर्जा तयार करणं, भिंतीचं सामान बाहेर पोचवणं, सगळं याच्या भरवशावर. पेनिसिलिन आणि व्हँकोमायसिन भिंतीच्या बांधकामावर घाला घालतात, म्हणून ती औषधं तुमच्या चित्रावरून समजतात. डॅप्टोमायसिन जाऊन बसतं पटलात, आणि पटल तर चित्रात नाहीच.

स्टॅफिलोकॉकसच्या या पटलात मुख्यतः तीन फॉस्फरसयुक्त मेद असतात. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, त्यापासूनच बनणारं लायसिल-फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, आणि कार्डिओलिपिन. नावं जीभ वळवणारी आहेत, पण तिसरं नाव आमच्या पिढीच्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या ओळखीचं. गरोदर बायकांची सिफिलिससाठी व्हीडीआरएल चाचणी करायचो, तिच्या अँटिजेनमध्ये हेच कार्डिओलिपिन असतं. मेरी पँगबोर्न यांनी 1942 मध्ये ते गाईबैलांच्या हृदयातून शुद्ध करून काढलं, म्हणून नावात हृदय. आपल्या पेशींच्या मायटोकाँड्रियातही ते असतं. यातले फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन ऋण विद्युतभाराचे, त्यामुळे जंतूचं पटल बाहेरून ऋणभारित असतं. आपल्या पेशींच्या पटलाच्या बाहेरच्या पदरात फॉस्फॅटिडिलकोलीन, स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल यांचा भरणा असतो आणि फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल जवळपास नसतंच. जंतूचं पटल फोडूनही पेशंट बचावतो, त्यामागे हा फरक आहे.

मेदाम्लंही वेगळी. आपल्या तेलातुपातली मेदाम्लं बहुतेक सरळ साखळीची. स्टॅफिलोकॉकस, बॅसिलस, लिस्टेरिया यांच्या पटलात शेंड्याशी एक छोटी फांदी फुटलेल्या साखळ्या मोठ्या प्रमाणात असतात, आणि ती फांदी ते ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन या अमिनो आम्लांपासून आणतात. (दुधातुपातही अशी फांदीवाली मेदाम्लं किंचित सापडतात. ती गाईम्हशींच्या पोटातल्या जिवाणूंची देणगी.) फांदी असली की साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत आणि पटल थंडीतही मऊ राहतं. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अन्नात लिस्टेरिया वाढतो त्याचं एक कारण हेच. गारठा वाढला की तो अशा एका पंधरा कार्बनच्या साखळीचं प्रमाण वाढवतो. परिस्थिती पाहून पटलातला मेद बदलणं हा या जंतूंचा जुना धंदा आहे. औषधाच्या बाबतीतही ते तेच करतात, त्याकडे येतेच.

ऑरियस म्हणजे सोनेरी. ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या घट्ट माध्यमावर, रात्रभर वाढवून सकाळी थाळी उघडली की त्या वसाहतींचा पिवळा रंग बघून, कोअ‍ॅग्युलेज ही खात्रीची चाचणी करायच्या आधीच, आम्ही मनात नाव लिहून टाकायचो. तो रंगसुद्धा पटलातच असतो, गाजराच्या रंगाच्या कुळातला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला मारायला जे तीव्र ऑक्सिडीकारक पदार्थ सोडतात त्यांच्यापासून तो जंतूला वाचवतो.

आता औषध. डॅप्टोमायसिनचा रेणू म्हणजे 13 अमिनो आम्लांची एक साखळी, तिच्या बऱ्याच भागाचं कडं झालेलं, आणि त्याला दहा कार्बनची मेदाची शेपटी. तुर्कस्तानातल्या अरारात पर्वताच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस रोझिओस्पोरस या जिवाणूपासून ते मिळालं. हा जिवाणूही ग्रॅम पॉझिटिव्हच. 1980 च्या दशकात एली लिली कंपनीने त्यावर काम केलं, पण चाचण्यांत स्नायूंना इजा होतेय असं दिसल्यावर बाजूला ठेवलं. 1997 मध्ये क्युबिस्ट या छोट्या कंपनीने हक्क घेतले, दिवसातून दोनदाऐवजी एकदाच डोस दिला तर स्नायू सांभाळले जातात हे दाखवलं, आणि 2003 मध्ये अमेरिकेत कातडीच्या संसर्गासाठी मान्यता मिळाली. 2006 मध्ये रक्तातल्या स्टॅफिलोकॉकससाठीही मिळाली. तेव्हा वीसेक वर्षांपूर्वीच्या या औषधाला लेखात ‘नवे’ म्हणणंही जरा धाडसाचंच.

हा रेणू कॅल्शियमच्या मदतीने नेमका फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला जाऊन बिलगतो, शेपटी पटलात खुपसतो, आणि असे पुष्कळ रेणू एकत्र जमले की पटलाचं कामकाज कोलमडतं. आतलं पोटॅशियम गळायला लागतं, पटलावरचा विद्युतभार ढासळतो, भिंतीचं बांधकामही थांबतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, ते ओलांडून औषध आत पोचत नाही, म्हणून तिथे त्याचा उपयोग नाही.

मेदावर नेम धरणारी औषधं आपल्याला अनोळखी नाहीत. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावत होते. ते औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉल या कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या मेदाला पकडतं. स्टॅफिलोकॉकसच्या पटलात असलं स्टेरॉल नसल्यामुळे त्याला ते काहीच करत नाही. त्याच जातीचं हॅमायसिन आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याच्या नावातच पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुरवणीत कधी जागा असेल तर यावर कुणाकडून तरी जरूर लिहून घ्या. पुण्याच्या इतक्या जवळची ही गोष्ट पुण्यातल्याच मुलांना ठाऊक नसते.

असो. फुप्फुसाकडे वळते. फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून एका पातळ द्रवाचा थर असतो, सर्फॅक्टंट. तो नसेल तर श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून बसतील. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हाच पदार्थ नळीतून देतात, गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेला, हे अनेक घरांना अनुभवाने माहीत असेल. सर्फॅक्टंटचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग मेदाचा, आणि त्या मेदात साधारण दहा टक्के असतं ते फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल. तेच, जे जंतूच्या पटलात आहे आणि ज्याला डॅप्टोमायसिन बिलगतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं तयार झाली का हे बघायला पूर्वी गर्भजलात हाच मेद शोधत असत.

म्हणजे रक्तातून फुप्फुसात उतरलेलं औषध जंतूपर्यंत पोचायच्या आधीच सर्फॅक्टंटमध्ये अडकतं. लग्नाला निघालेला पाहुणा शेजारच्या मांडवात शिरावा आणि तिथेच पंगतीला बसावा, तसं. औषध कमी पडतं असं नाही, ते भलत्याच ठिकाणी खर्च होतं, म्हणून डोस वाढवूनही तोडगा निघत नाही. हे अनुभवातून कळलंय. न्यूमोनियाच्या रुग्णांवर सेफ्ट्रियाक्सोनशी तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत डॅप्टोमायसिन मागे पडलं. सर्फॅक्टंटच त्याला निष्प्रभ करतं हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं. एमआरएसएच्या न्यूमोनियात डॉक्टर व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिडकडे वळतात ते यामुळे. जुनं औषध म्हणजे कमी प्रतीचं औषध, ही समजूत मोबाइलच्या दुकानात ठीक आहे.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर उद्या दुसरंच कात्रण फिरेल. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर जंतू बसले आणि तिथून त्यांच्या गाठी रक्तावाटे फुप्फुसात गेल्या, तर तिथे डॅप्टोमायसिन देतात आणि ते लागूही पडतं. कारण तो रोग रक्तवाहिन्यांच्या बाजूने आलेला असतो, वायुकोशांतल्या सर्फॅक्टंटमधून नव्हे. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके आहेत एवढ्यावरून शेजारच्या खाटेशी बरोबरी करू नये.

लेखात ‘या औषधाला जंतू सहसा सरावत नाहीत’ असंही म्हटलंय. सरावतात, आणि पुन्हा मेदाच्याच वाटेने. स्टॅफिलोकॉकसपाशी एमपीआरएफ नावाचं प्रथिन आहे. ते फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला लायसीन हे धनभारित अमिनो आम्ल जोडतं आणि तयार झालेला मेद पटलाच्या बाहेरच्या पदरात आणून ठेवतं. यामुळे पटलाचा ऋणभार उतरतो. ही सोय मुळात आपल्या शरीरातल्या जंतुनाशक पेप्टाइडांपासून वाचायला आहे, 2001 मध्ये ती उजेडात आली तीही त्या संदर्भात. पण या जनुकात छोटे बदल होऊन ते जादा काम करायला लागलं, की कॅल्शियमसकट येणाऱ्या डॅप्टोमायसिनलाही पटलात शिरणं जड जातं. असे बदल उपचार चालू असतानाच होतात. आठवड्यापूर्वी दाद देणारा जंतू आज देईलच असं नसतं, म्हणून ताप उतरत नसेल तर डॉक्टर पुन्हा रक्ताचं कल्चर पाठवतात. “परवाच तर केलं, परत कशाला” म्हणून नातेवाईक भांडतात, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

दुसरी युक्ती 2016 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवली, आणि मला तीच जास्त चमत्कारिक वाटते. काही स्टॅफिलोकॉकस आपल्या पटलातले मेद बाहेर सोडतात, औषध त्या सुट्या मेदालाच चिकटून संपतं आणि जंतू मागे सुखरूप. फुप्फुसातलं सर्फॅक्टंट जे नकळत करतं तेच हा जंतू स्वतःच्या बचावासाठी करतो.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. या औषधाची चाचणी औषध भिजवलेल्या नेहमीच्या कागदी चकतीने होत नाही. आपण थाळीवर चकत्या ठेवतो आणि भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजतो, पण डॅप्टोमायसिनचा थोराड रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि कॅल्शियम बेताचं असेल तर निकाल वाटेल तसा येतो. द्रव माध्यमात, लिटरला 50 मिलिग्रॅम कॅल्शियम राखून, औषधाच्या उतरत्या मात्रा लावून ही चाचणी करायची असते, किंवा त्यासाठीच बनवलेल्या पट्टीने. तरीही चकती लावून ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले रिपोर्ट माझ्या हातात आलेले आहेत. कुठल्या प्रयोगशाळेचे ते सांगत नाही. शिवाय थुंकीतल्या जंतूच्या रिपोर्टवर डॅप्टोमायसिनचं नाव छापूच नये हा साधा नियम आहे, कारण ते वाचून कुणीतरी ते देईल. मला विचाराल तर कागदावरचा तो एक शब्द जंतूपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. थाळीत सर्फॅक्टंट नसतं, फुप्फुसात असतं.

आपल्याकडे मागणी एवढीच, की दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर दोन ओळींत न उरकता त्याच पुरवणीत, त्याच जागी, पटल दाखवणाऱ्या नव्या चित्रासह छापावी. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध राखीव गटात ठेवलंय, दुसरं काही चालत नाही तेव्हासाठी. अशा औषधाची मागणी पेशंटच्या घरून व्हायला लागली तर कठीण आहे. चित्र काढून हवं असेल तर मी देईन.

दुरुस्तीत एक ओळ मात्र आवर्जून घाला, कारण मूळ लेखात ती नाही आणि ज्यांना हे इंजेक्शन योग्य कारणासाठी चालू आहे त्यांच्या ती उपयोगाची आहे. डॅप्टोमायसिन चालू असताना दर आठवड्याला रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासतात, स्नायूंवर लक्ष ठेवण्यासाठी. मांड्या, दंड दुखायला लागले किंवा जिना चढताना पाय उचलेनासे झाले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच सांगावं. नव्याने धाप किंवा खोकला सुरू झाला तरी सांगावं, कारण क्वचित या औषधानेच फुप्फुसाला सूज येते. आणि घरी कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तिची पट्टी डॉक्टरांना दाखवावी, कारण तीही स्नायूंनाच त्रास देणारी, आणि हे इंजेक्शन चालू असेपर्यंत ती थांबवायची का हे त्यांना ठरवावं लागतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज